मदत हवी आहे: ओढ्याकाठच्या ३० गुंठ्यांत कॅडमियम ३.८ आलंय, मोहरी लावून निघेल का?

ओढाकाठ
तालुका हातकणंगले. काळी जमीन, ३० गुंठे, पूर्वेची ६० मीटर बाजू ओढ्याला लागून. ओढ्यात वरच्या अंगाने प्लेटिंगचं (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं) पाणी यायचं, ते आता थांबलंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाळ बसला होता. ऊस, मग खोडवा, तो मोडून सोयाबीन. सोयाबीनची रोपं पिवळी पडली. उसाला ॲट्राझिन हे तणनाशक मारलं होतं आणि हुमणीसाठी क्लोरपायरिफॉसची आळवणी झाली होती.

रिपोर्ट, एकच मिश्र नमुना, ० ते २० सेंमी: सामू ८.१, ईसी (क्षारांचं माप) १.४, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के. एकूण धातू पीपीएममध्ये (किलोमागे मिलिग्रॅम) असे: कॅडमियम ३.८, शिसं १६५, क्रोमियम १९०, निकेल ७०, तांबं १४८, जस्त ४१०.

मोहरी आणि सूर्यफूल धातू ओढून घेतात असं सगळीकडे वाचतोय. किती हंगाम लागतील? चुना टाकू का? मेथी-पालक घरी खाण्यापुरती लावलेली चालेल का?

खोडवा_मास्तर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: मेथी, पालक, अंबाडी, काहीही पालेभाजी या रानात नको. कॅडमियम पानांत सगळ्यात जास्त चढतं, त्याखालोखाल कंदमुळांत, शेंगा-फळांत कमी. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) पालेभाज्यांसाठीची मर्यादा ०.२ पीपीएम आहे, तीही ओल्या भाजीवर. पानं हिरवीगार, तजेलदार दिसतात आणि आत मर्यादा ओलांडलेली असते. डोळ्यांनी कळत नाही.

आता रिपोर्ट. क्रोमियम १९० बघून घाबरू नका. आपली काळी माती बेसाल्टातून आलेली, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. भारतीय अभ्यासांत सहसा धरली जाणारी मर्यादा अशी: कॅडमियम ३ ते ६, शिसं २५० ते ५००, जस्त ३०० ते ६००, तांबं १३५ ते २७०, निकेल ७५ ते १५०. युरोपात कॅडमियमला १ ते ३ च धरतात. तांबं १४८ खालच्या आकड्याच्या जरा वर आहे, पण ते मातीचं मूळचं असू शकतं. म्हणजे तुमचं दुखणं कॅडमियम आणि जस्त. शिशावर वेळ घालवू नका.

पण एका मिश्र नमुन्यावर काही ठरवणं म्हणजे अंधारात तीर. ओढ्याकडेची पट्टी १२ पीपीएम आणि वरची बाजू १ पीपीएम असली तरी सरासरी अशीच काहीतरी येईल. नमुने परत घ्या.

अ‍ॅक्वारेजिया
+१. नमुने कसे घ्यायचे ते सांगतो, कारण निम्मे रिपोर्ट इथेच बिघडतात.

रानाच्या ओढ्याला समांतर तीन पट्ट्या करा: ओढ्यापासून ५ मीटरपर्यंत, मधली, वरची. प्रत्येकीत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती वरपासून २० सेंमीपर्यंत सारख्या जाडीची खरवडा. ओढ्याकडेच्या पट्टीत २० ते ४० सेंमीचा नमुना वेगळा. पुराच्या गाळाचा थर अजून ओळखू येत असेल तर तोही वेगळा. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: ज्या रानात ओढ्याचं पाणी कधीच चढलं नाही अशा शेजारच्या काळ्या रानातला. तुमचं क्रोमियम मूळचं की प्लेटिंगचं, हे त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पत्र्याची बादली किंवा घमेलं वापरू नका. त्याला जस्ताचा मुलामा असतो, जस्ताचा आकडा फुगतो. प्लॅस्टिकचा टब आणि स्टीलचं खुरपं घ्या. माती पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा.

लॅबला नुसतं 'हेवी मेटल करा' म्हणू नका. एकूण धातू आणि डीटीपीए या द्रावणाने निघणारे धातू, दोन्ही मागा. पिकाला काय मिळतंय याचा अंदाज दुसऱ्या आकड्यावरून येतो. ओढ्याकडेच्या पट्टीसाठी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) वेगळं मागा. तो नमुना न वाळवता, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचवा. सामू ८ च्या मातीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मोकळं फिरतं आणि विहिरीपर्यंत जातं, म्हणून ही चाचणी टाळू नका. विहिरीचं पाणीही द्या. मृद आरोग्य पत्रिकेत कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल येत नाही, तिच्यात सामू, ईसी, कर्ब, मुख्य अन्नद्रव्यं, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी असतात.

ओढाकाठ
हे करतो. पण मोहरीचं काय? एका व्हिडिओत दोन हंगामांत जमीन साफ म्हणालेत.

खोडवा_मास्तर
व्हिडिओवाल्याला गणित विचारा. आपण इथेच मांडू.

३० गुंठे म्हणजे ३,०३५ चौरस मीटर. वरचा २० सेंमी थर ६०७ घनमीटर, घनता १.२५ धरली तर साडेसात लाख किलो माती. कॅडमियम ३.८ वरून ३ वर आणायचं म्हणजे ०.८ पीपीएम कमी करायचं, म्हणजे ६०० ग्रॅम कॅडमियम रानाबाहेर काढायचं.

मोहरीचा वाळलेला पाला-काड्या ३० गुंठ्यांत २ टन धरा. तुमच्या चुनखडीच्या मातीत त्यात १० पीपीएम कॅडमियम आलं तर नशीबच. दोन टनांत २० ग्रॅम. सहाशे भागिले वीस, तीस पिकं. मोहरी रब्बीत एकदाच येते, म्हणजे तीस वर्षं. हेच गणित शिशाला लावलं तर हजारो पिकं येतात, म्हणून शिशासाठी मोहरी सुचवणाऱ्याचं पुढचं वाचूच नका.

ओढ्याकडेच्या ५ मीटर पट्टीतच सगळं साठलेलं निघालं तर चित्र बदलतं. ती पट्टी जेमतेम ३ गुंठे. तेवढा वरचा थर खरवडून बाजूला काढणं झाडांपेक्षा स्वस्त पडू शकतं. म्हणून आधी नमुने.

रानमाणूस
ईडीटीए (धातूंना धरून विरघळवणारं रसायन) टाकलं की मोहरी दसपट ओढते, माझ्या माहितीत आहे.

अ‍ॅक्वारेजिया
ओढते, कुंडीत. रानात ईडीटीए धातू मोकळे करतं आणि पीक जेवढं घेतं त्यापेक्षा जास्त पाटाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं. ईडीटीए स्वतः मातीत बराच काळ टिकतं. ओढ्याकाठच्या, उथळ पाण्याच्या रानात हे म्हणजे मातीतला त्रास विहिरीत नेऊन सोडणं. शिफारस करू नका कृपया.

गंधकाने सामू उतरवायची कल्पनाही इथे चालणार नाही. चुनखडी सगळं आम्ल खाऊन टाकते. आणि उतरला तर कॅडमियम भाजीलाच जास्त मिळेल.

खोडवा_मास्तर
चुन्याचंही राहिलं. राधानगरी, शाहूवाडीच्या तांबड्या आम्ल मातीत चुना टाकला तर धातू अडकतात, ते बरोबर. तुमचा सामू ८.१ आहे. तिथे चुना म्हणजे पैसे मातीत.

तुमच्याकडे कामाच्या गोष्टी वेगळ्या. पहिली, सेंद्रिय कर्ब. ०.५२ आहे, तो वाढवायला हवा. कुजलेलं प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) किंवा शेणखत ३० गुंठ्यांना ८ टनांच्या आसपास, दर वर्षी. कॅडमियम त्याला चिकटून बसतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम निघालं तर ते कमी धोक्याच्या क्रोमियममध्ये बदलायलाही हाच कर्ब उपयोगी. त्या जोडीला फेरस सल्फेट लागेल का, ते आकडा आल्यावर बघू.

दुसरी, आणि ही कुणी सांगत नाही: एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) बंद करा, पालाश एसओपीतून (पोटॅशियम सल्फेट) द्या. क्लोराइड कॅडमियमला धरून विरघळवतं आणि मुळापाशी आणून देतं. ईसी १.४ आहे, थोडे क्षार आहेतच, त्यात आणखी क्लोराइड कशाला? विहिरीच्या पाण्यात क्लोराइड किती, तेही बघून घ्या. झिंक सल्फेट टाकू नका, जस्त ४१० आहे.

तिसरी, ओढ्याच्या बाजूने बांध उंच करा आणि आतून वाळ्याच्या दोन ओळी. जूनमध्ये, ठोंबाची मुळं आणि पाती छाटून, १५ सेंमीवर. ६० मीटरला एका ओळीत ४०० ठोंब, दोन ओळींना ८००, मर धरून ९०० आणा. वाळा धातू बाहेर काढायला नाही, जागच्या जागी धरून ठेवायला आणि गाळ अडवायला. धातू बहुतेक मुळातच राहतात.

ओढाकाठ
सोयाबीन पिवळं पडलं ते कॅडमियममुळे की ॲट्राझिनमुळे? आणि मग रानात घेऊ काय?

शिवारवही
पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. खालची, जुनी पानं कडेने पिवळी पडून करपत गेली असतील तर ॲट्राझिन. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, जी चुनखडीच्या रानात येतेच आणि जस्त जास्त झालं की आणखी वाढते. तुमच्या आकड्यांवर मला दुसरीची शंका जास्त आहे, पण घरी तपासता येतं.

तीन कुंड्या, प्रत्येकी एक किलो माती. एकीत रानातली, दुसरीत रानातलीच पण एक ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कोळशाची पूड नीट कालवून, तिसरीत ॲट्राझिन न पडलेल्या रानातली. प्रत्येकीत १० सोयाबीन किंवा काकडीच्या बिया. तीन आठवडे थांबा. ॲट्राझिनचं रोप उगवताना छान दिसतं, पानं आली की बिघडतं, म्हणून आठव्या दिवशी निकाल लावू नका. कोळशाची कुंडी हिरवी आणि पहिली करपली तर ॲट्राझिन. दोन्ही सारख्याच पिवळ्या तर धातू किंवा लोह. मग फेरस सल्फेटची ०.५ टक्के फवारणी दोन-चार रोपांवर करून बघा, पानं हिरवी झाली की कळलं.

ॲट्राझिन निघालं तर ते धातूसारखं कायमचं नाही. ओल आणि कर्ब असला की जंतू मोडतात, सामू जास्त आणि रान कोरडं असलं की रेंगाळतं. मका त्याला पचवतो, एक पीक मका घ्या. क्लोरपायरिफॉससाठी काही करू नका, काही महिन्यांत ते उतरतं. जुनं डीडीटी वगैरे वापरलेलं रान असतं तर मात्र दुधी-भोपळ्याच्या वेलांपासून लांब राहा म्हटलं असतं, भोपळावर्गातली काही पिकं ते मातीतून ओढून घेतात.

खोडवा_मास्तर
पीक म्हणाल तर वरच्या पट्टीत ऊस चालेल. उसात धातू मुळात जास्त अडकतात, रसात कमी उतरतात. तरी वाडं जनावरांना घालायच्या आधी एक नमुना तपासा. मक्याच्या कडब्याचंही तेच. ओढ्याकडेच्या पट्टीत झेंडू किंवा एरंड. एरंडाच्या तेलात धातू फारसे जात नाहीत, पण पेंड खत म्हणून परत त्याच रानात टाकू नका.

ओढाकाठ
एरंडाच्या काड्या, झेंडूचा पाला याचं काय करायचं? शेजारी गुऱ्हाळ आहे, जळण म्हणून मागतात.

अ‍ॅक्वारेजिया
गुऱ्हाळाला अजिबात नको. चुलाणाच्या आचेवर कॅडमियम धुरातून उडतं, उरलेलं राखेत घट्ट होतं आणि ती राख शेवटी कुणाच्या तरी परसात पडते. जनावरांना नको, कंपोस्टला नको. वाळवून, बारीक करून जाड प्लॅस्टिकच्या पोत्यांत, पावसापासून आडोशाला ठेवा आणि एका पोत्यातला नमुना लॅबला द्या. आकडा आला की घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यायचं की नाही ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारता येईल. त्याच फेरीत ओढ्याच्या पाण्याची लेखी तक्रार देऊन पोच घ्या, पाणी आता बंद असलं तरी.

आणि वाळ्याची मुळं माठात टाकायला कुणी मागायला आलं तर देऊ नका.