पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्लं गोळा करताना बघायला हेइमाएला जावं का?

वाटसरू: गेल्या ऑगस्टअखेर आइसलँडला गेलो होतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या लांडएयाहॉप्नहून बोटीने ४० मिनिटांत वेस्टमन बेटांपैकी हेइमाए. मच्छीमारांचं गाव, वस्ती ४,५०० च्या आसपास. अटलांटिक पफिनची जगातली सगळ्यात मोठी वसाहत या बेटांवर आहे. उन्हाळा संपताना पिल्लं (तिकडे 'पिस्या' म्हणतात) रात्री बिळातून निघून समुद्राकडे झेपावतात आणि गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर, बंदरात पडतात. मग गावची पोरं पुठ्ठ्याची खोकी घेऊन उशिरापर्यंत हिंडतात, सापडलेल्या पिल्लांचं वजन नोंदवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना समुद्राकडे उडवतात.

मी पाहिलं ते असं. उभ्या गाडीखाली पिल्लू. दहाएक वर्षांची मुलगी पालथी पडून आत हात घालतेय, आणि मागे आम्ही सात-आठ पर्यटक मोबाइलचे दिवे रोखून उभे. पिल्लू चाकाच्या आणखी आत सरकलं. मुलगी आमच्याकडे बघून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, सूर कळला. माझं मत: त्या दिवसांत पर्यटकांनी रात्री गावात हिंडूच नये. पफिन बघायचेत तर जूनमध्ये जा, कड्यावर बसून लांबून बघा.

खाडीकर: अजिबात सहमत नाही. कोकणातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला दोरीपलीकडे गर्दी असते, म्हणून तर घरोघरी पाहुण्यांची पानं वाढली जातात. पूर्वी तिथे अंडी चोरीला जायची. हेइमाएला दोरी नाही, एवढंच. दोरी मागा की, बंदी कशाला? आणि पोरांच्या हातात टॉर्च नसतात का?

मुरंबा: पिल्लाची एवढी दया येतेय, पण तिथले लोक पफिन खातात हे माहीत आहे ना? लांब दांड्याच्या जाळ्याने उडता पक्षी धरतात, धुरी देऊन खातात. १८७४ पासूनच्या त्यांच्या ऑगस्टच्या जत्रेचा तो खास पदार्थ. रात्री वाचवायचं नि दुपारी पानात! (हलकेच घ्या.)

उत्तररात्र: मुरंबा, कोळीवाड्यात जाऊन हेच विचारा, काय उत्तर मिळतं बघू. शिकार आता मोजक्याच दिवसांची राहिलीय. या शतकाच्या सुरुवातीला सँडईल नावाची बारीक मासळी आटली, तेव्हा कित्येक वर्षं बिळांत पिल्लंच धड जगली नाहीत. पफिनचं खरं दुखणं ते. पर्यटक त्यात कुठे बसतात?

पण खाडीकर, वेळासचा दाखला इथे लागू नाही. तिथे पाहुण्याचा पैसा गावाला कासवाशी बांधून ठेवतो. हेइमाएचं पोट मासळीवर चालतं. २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी उसळला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारी बोटी नशिबाने बंदरातच होत्या. त्यांतून ५,००० वर माणसं रातोरात हलवली. पुढे लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला लागला, तर त्यावर महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी मारलं. शेकडो घरं गेली, बंदर वाचवलं. पिस्या उचलायला यांना आपली गरज काल नव्हती, आजही नाही.

खाडीकर: ज्या गावाने लाव्हा अडवला त्याला तुमच्या सात-आठ मोबाइलचं काय? पिल्लं भुलतात ती बंदराच्या दिव्यांना. ते विझवा म्हणा आधी.

वाटसरू: खाडीकर, तुमचा बंदराचा मुद्दा बिनतोड. पण बंदराच्या दिव्यांवर माणसं काम करतात. आम्ही नुसते फोटो काढत होतो. पोरांकडे टॉर्च होते, हेही खरं. त्यांनी ते जमिनीकडे धरले होते, पिल्लाच्या डोळ्यांत नाही. बंदीचं मागे घेतो. पण जायचं तर त्या पोरांच्या मागून आणि मोबाइल खिशात ठेवून.

मुरंबा: आमचं २८ ऑगस्टचं बुकिंग आहे हो. सासूबाईही येणार आहेत. रद्द करू का?

उत्तररात्र: रद्द कशाला? फक्त मोठे पफिन तोवर बहुतेक समुद्रावर गेलेले असतील, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. आणि समुद्र खवळला तर लांडएयाहॉप्नचा धक्का बंद होतो, बोट थोरलाक्सहॉप्नहून सुटते, पावणेतीन तास. उलटीच्या गोळ्या हाताशी असू द्या.

मुरंबा: पावणेतीन तास?? सासूबाईंना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना लागते.