बिल्ला सगळं मोजत नाही
टीएलडी बिल्ल्यावर, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्यावर, डोस वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आत असला की युरेनियम कामगाराला भीती नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मी नाशिकला अंबडमध्ये वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी आतली तपासणी, करतो, बिल्ला माझ्याही छातीवर असतो. पण आमचे किरण बाहेरून येतात. किरणांचा स्रोत कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड आवरणाच्या पेटीत, परत गेला की संपलं. युरेनियमची धूळ श्वासातून आत गेली की तिच्यातून निघणारे अल्फा कण (एक प्रकारचा किरणोत्सार) फुफ्फुसातच मारा करत राहतात, आणि ते बिल्ल्याला कळतच नाही! त्यासाठी लघवीतलं युरेनियम तपासावं लागतं. मूत्रपिंडांना तर किरणांआधी त्याचं रासायनिक विषच बाधतं. झारखंडमधल्या जादूगोड्यासारख्या भूमिगत युरेनियम खाणीत रेडॉन हा किरणोत्सारी वायूही असतो, त्यात बिडी ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त. हा कर्करोग उमटायला दहा-वीस वर्षं लागतात, म्हणून निवृत्तांचीही तपासणी व्हायलाच हवी.