लाफिंग गॅस: अंग सुटल्यासारखं वाटणं कुठवर चालतं?

दापोली_दंत:
दवाखान्यात नायट्रस (म्हणजे लाफिंग गॅस)-ऑक्सिजनचं युनिट बसवतोय. ४० टक्क्यांपुढे काहींना आवाज लांबून घुमतात, अंग खुर्चीपासून सुटल्यासारखं वाटतं. हा डोस जास्त झाल्याचा इशारा का? शिवाय नैराश्याची गोळी चालू असलेले विचारतात, ‘यानं मनही बरं होतं म्हणे?’

भूल_चिपळूण:
इशाराच समजा. नायट्रस मेंदूतल्या पेशींना संदेश पोचवणारा एनएमडीए रिसेप्टर अडवतो, केटामाइन या भुलीच्या औषधासारखा; म्हणून जागेपणीच देहाचं, वेळेचं भान सुटतं. १७९९ साली इंग्लंडात ब्रिस्टलला रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही स्वतःवर प्रयोग करत होता, ते याच नादात.

आधी नुसता ऑक्सिजन, मग नायट्रस ५-१० टक्क्यांनी वाढवा, दर पायरीला मिनिटभर थांबा. बहुतेकांना ३०-४० पुरतं. बोटांना मुंग्या आल्या, खांदे सैल पडले की तिथेच थांबा. नजर खिळली, उत्तरं तुटक आली, मळमळलं तर १० नी उतरवा. शेवटी किमान ५ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. नाहीतर रक्तातला नायट्रस भराभर फुप्फुसात येतो आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. गॅस नाकावरच्या मास्कमधून जातो, नाक चोंदलेलं असेल तर सगळंच फुकट. तारकर्लीला नुकतंच स्कूबा करून आलेल्याला देऊच नका, अंगातले नायट्रोजनचे बुडबुडे फुगतात.

नैराश्याचं म्हणाल, तर २०२१ च्या एका छोट्या चाचणीत तासभर दिलेल्या २५ टक्क्यांनी जवळपास ५० टक्क्यांइतकाच गुण आला, मळमळ मात्र कमी. तंद्री जितकी गहिरी तितका गुण, असं काही नाही. तरी हा दाताच्या खुर्चीवरचा उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, गोळी परस्पर बंद करू देऊ नका.

गेज_पाना:
नायट्रसच्या निळ्या सिलिंडरात द्रव असतो. तो संपेपर्यंत दाबाचा काटा ढिम्म, मग एकदम खाली. म्हणून वजन करा. रिकाम्याचं वजन वर कोरलेलं असतं. खाऱ्या हवेनं वॉल्व्ह अडला की खोबरेलाचं बोट लावायची आपली सवय इथे जिवावर बेतेल, दाबाखालच्या नायट्रसमध्ये तेल पेट घेतं. पावसात खिडक्या बंद आणि एसी तीच हवा फिरवतो, तेव्हा सोडलेला गॅस ओढून घेणारी नळी थेट बाहेर काढा.

दापोली_दंत:
शाकाहारी पेशंट, बी१२ कमी?

भूल_चिपळूण:
नायट्रस बी१२ निकामी करतो. एका बैठकीनं सहसा बिघडत नाही, पण पायांत आधीच बधिरपणा असेल तर आधी रक्त तपासा. मौजेखातर वारंवार हुंगणाऱ्यांचा मज्जारज्जू याच वाटेनं जातो. सुरुवात तळव्यांच्या मुंग्यांनी होते, आणि त्यांना वाटतं नशाच चढतेय.