विजयदुर्गकडे दिवसभर गरवायला जायचं आहे, बाबा आणि मुलगा सोबत. कसं ठरवावं?

पेठकर_पुणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबा (वय ६८) आणि मुलगा (१२) यांना घेऊन समुद्रावर दिवसभर गळाची मासेमारी करायचा बेत आहे. बाबांचं लहानपण जैतापूरच्या खाडीकाठी गेलं. शाळा सुटली की गरी (गळ) आणि तंगूस (नायलॉनचा दोरा) घेऊन धक्क्यावर, असं ते अजून सांगतात. नोकरीसाठी घाटावर आले आणि ते सगळं सुटलं. मुलाला आजोबांच्या गोष्टी पाठ आहेत, आता ते प्रत्यक्ष बघायचं आहे.

खोल समुद्रात जायचं नाही. किनारा दिसत राहावा, सोबत जाणता माणूस असावा, एवढंच. एका बुकिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, सहा ते सहा, दोन वेळचं जेवण, मासा मिळण्याची हमी. ती हमी ऐकून उलट शंका आली. दिवसभराची फेरी घ्यावी की अर्ध्या दिवसाची? बाबांना आणि मुलाला झेपेल का? होडीवाल्याला आधी काय काय विचारावं? विजयदुर्ग, देवगड, मालवण यातलं काहीही चालेल.

वाघोटण_काठ

दादा, हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. गरवायला गेल्यावर मासा लागणं कुणाच्याच हातात नसतं. पाणी कधी कसं असेल हे मात्र आधी सांगता येतं, आणि जाणता तांडेल (होडीचा प्रमुख) त्याचेच पैसे घेतो.

मी खाडीच्या मुखाशी राहतो. होडी घरची आहे, पावसाळा सोडून पाहुण्यांना गरवायला नेतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सुट्टीची तारीख धरण्याआधी तिथी बघा. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसात दोनदा भरती, म्हणून पहाटेचे सहा तसे संध्याकाळचेही सहा. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण होडी कधी काढायची हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. मुंबईला तेव्हा पाणी पाच मीटरच्या घरात चढतं-उतरतं. आमच्या बाजूला त्याच्या निम्म्याच्या आसपास, तरी खाडीच्या तोंडाशी ओढ एवढी असते की दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, गाळ उठतो आणि नवख्या माणसाचा सगळा दिवस गुंता सोडवण्यात जातो. वयस्क माणूस आणि पोर सोबत असेल तर भांगाचे दिवस घ्या, सप्तमी ते दशमी. पाणी हळू चालतं, होडी नांगरावर शांत राहते.

पण पाणी चाललं मात्र पाहिजे. पाणी उभं राहिलं की मासाही उभा राहतो. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास, हा खरा खाण्याचा वेळ. म्हणून दिवसभराची फेरी चांगली. अर्ध्या दिवसात अशी एकच वेळ हाती लागते आणि ती चुकली की घरी. पूर्ण दिवसात दोन मिळू शकतात, मधे विश्रांती.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. साधारण अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा धरतो आणि दुपारी बाहेर चांगल्याच लाटा उठतात. तेव्हा सकाळी बाहेर खडपांपाशी (पाण्यातल्या खडकांपाशी), ऊन चढलं की खाडीत आत खाजणाच्या (खारफुटीच्या) कडेला, असा दिवस बांधायचा. भर दुपारी तुम्हाला बाहेर धरून ठेवणारा तांडेल असेल तर त्याला माणसांपेक्षा मासा प्यारा आहे असं समजा.

बाहेर खडपात तांबोशी, गोबरा, पालू मिळतात. वरच्या पाण्यात पेडव्यांचा थवा फुटताना दिसला की खाली कोकर नाहीतर दागोळ असतो, कधी नशिबात असेल तर इसवण. खाडीत काळुंदर, शिंगाळा आणि सगळ्यांना हवी असते ती खजुरी, म्हणजे तुमच्या रायगडकडचा जिताडा.

आमिष जिवंत कोळंबी. पोराला ती गरीला लावायला पहिल्यांदा शिकवा, दिवसाचं अर्धं काम तिथेच आहे. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखं शिंग असतं. त्याच्या मागे, कवचातून आरपार दिसणारा एक काळसर ठिपका असतो, तिथे तिचा जीव. गरी त्या ठिपक्याच्या पुढे, शिंगाच्या बुडातून आडवी काढायची. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी जागच्या जागी पांढरी पडते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. नीट लावली तर बराच वेळ पाय मारत राहते. ते पाय मारणं तंगुसावरून बोटाला कळतं, आणि मासा जवळ आला की ती एकदम फडफडायला लागते, तेही कळतं. म्हणून माझ्याकडे दांड्या असल्या तरी पहिला तास मी सगळ्यांच्या हातात साधा तंगूसच देतो. बाबांना सांगावं लागणार नाही.

तांबोशीची ओढ एकदम येते, टकटक करत नाही. घेतलं की ती सरळ खडपाच्या बिळाकडे जाते, तिथे पोचली की दोरा कालवांवर घासून तुटला. म्हणून पहिल्या दोन हातांत तिला तळापासून उचलायची. लहान मुलगा असेल तर त्याच्या मागे कुणीतरी मोठं माणूस बसवा, आणि तंगूस हाताला गुंडाळायचा नाही हे त्याला दहा वेळा सांगा. बोट कापतं.

होडीवाल्याला विचारायचं ते असं: प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? मासेमारीची नोंदणी वेगळी, ती मत्स्यव्यवसाय खात्याची, तिच्यावर पाहुणे न्यायचे नसतात. लाइफ जॅकेट किती, आणि मुलाच्या मापाचं आहे का? सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं, ते असून नसल्यासारखं. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला तर पैसे परत देणार का? पैसे पूर्ण होडीचे ठरवा, माणशी नको. माणशी ठरवले की आणखी चौघं भरली जातात आणि मग गळ टाकायला जागा उरत नाही.

मालवणला गेलात तर एक ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. किल्ल्याच्या बाजूला गळ टाकू देतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. मोठी खजुरी लागली तर फोटो काढा आणि सोडा. खजुरी आयुष्याची पहिली काही वर्षं नर असते, मग मादी होते. म्हणजे मोठी खजुरी ही मादीच, लाखो अंडी तिच्या पोटात, आणि ती एवढी वाढायला बरीच वर्षं वाट बघावी लागते. गोबऱ्याचं उलट, तो आधी मादी आणि थोराड झाल्यावर नर. दोन्हींकडे मोठे मारत गेलो की जोडीच उरत नाही. माझ्या आजोबांच्या वेळी खाडीत ज्या मापाची खजुरी लागायची ती आता क्वचित दिसते. खाण्यापुरती मधल्या मापाची घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. सोडताना हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, कल्ल्यात बोट घालून उभी लटकवू नका. पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटी मारून ती स्वतः हातातून सुटेल, तोवर सोडू नका.

रीळवाला_ठाणे

वरचं सगळं पटलं. फक्त दांडीबद्दल लिहितो, कारण मुलाला रीळ फिरवायचं असणारच.

सात फुटी मध्यम ताकदीची स्पिनिंग दांडी, ४००० मापाचं रीळ, त्यावर २० ते ३० पौंडी ब्रेडेड दोरा आणि पुढे हातभर ४० पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरा). खडपात आणि खजुरीसाठी लीडर लागतोच, खजुरीच्या कल्ल्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दागोळ आणि कोकर यांना चमकणारं छोटं मेटल जिग (धातूचं नकली आमिष) आवडतं, टाकून पटापट ओढायचं. अशा नकली आमिषाला (लूरला) तीन तोंडांचे गळ असतात ते बदलून एकेरी लावा आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं आणि पोराच्या कानात गळ अडकला तर काढायलाही.

गोड्या पाण्यातलं रीळ नेलंत तर घरी आल्यावर साध्या पाण्याने हळू धुवा. जोरात फवारा मारला तर मीठ आत जातं.

रत्नागिरीची_माहेरवाशीण

भाऊ, बाबा ६८ चे आणि मुलगा १२ चा, तर मासे लागणं हे दुसरं, लागणं हे पहिलं. म्हणजे बोट लागणं! उलटीची गोळी होडीत बसल्यावर काही कामाची नाही, डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी द्या. बाबांना बीपीच्या वगैरे गोळ्या असतील तर विचारणं जास्तच गरजेचं. रिकाम्या पोटी नेऊ नका, तेलकटही नको. आम्ही घावणे आणि केळी नेतो. बसायचं मधे किंवा मागे, नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाला) सगळ्यात जास्त हेलकावे. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांब किनाऱ्याकडे बघत राहायचं.

शिंगाळा लागला तर मुलाला हात लावू देऊ नका. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात, ते टोचले की भयंकर ठणकतं. पाकटीच्या (चपट्या, लांब शेपटीच्या माशाच्या) शेपटीचंही तेच. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना बरीच कमी होते, आणि मग दवाखाना. थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या, चहा वेगळ्या थर्मासमध्ये. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा, लागू नये पण असावा.

पेठकर_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोळंबीच्या ठिपक्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हा माणूस खाडीतला आहे." आम्हाला डिसेंबरातला एक शनिवार जमतोय, पंचांगात दशमी दिसते. वाघोटणदादा, हा दिवस धरू का? आणि मुलगा विचारतोय, डॉल्फिन दिसतील का?

वाघोटण_काठ

बाबांना माझा नमस्कार सांगा. जैतापूरची खाडी आमच्यापासून फार लांब नाही, त्यांच्याकडून मलाच दोन गोष्टी कळतील.

दशमी उत्तम. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती, दुपारी दीड-पावणेदोनला सुकी (पूर्ण ओहोटी), संध्याकाळी साडेसातला परत भरती. डिसेंबरात उजाडायला सातच्या आसपास होतात, तेव्हा सव्वासहाला धक्क्यावर या. बॅटरी लागेल, स्वेटरही लागेल. भरतीचा शेवट आणि ओहोटीचे पहिले दोन तास खडपांपाशी. नऊ-साडेनऊनंतर खाडीच्या तोंडाशी येऊ. ओहोटीबरोबर आतली कोळंबी आणि बारीक बोय मासळी बाहेर वाहत येते, मोठा मासा कडेला तोंड लावून उभा असतो. साडेअकराला गळ गुंडाळायचे, घरी जेवण, बाबांनी तासभर आडवं व्हायचं. तीनला चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत. पाणी खाजणाच्या मुळांत शिरायला लागलं की खजुरी मागोमाग जाते. सूर्य बुडायच्या वेळी परत. पूर्ण भरती अंधारात आहे, तिच्यासाठी पोराला घेऊन थांबायचं नाही.

डॉल्फिन या बाजूला असतात, सकाळी शांत पाण्यात बरेचदा पाठ दिसते. दिसले तर इंजिन बंद करून बसू, मागे लागायचं नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, टोपीला बंद, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. दांडी हवी असेल तर रीळवाल्यांनी सांगितलेली माझ्याकडे एक आहे, विकत घेऊ नका. आदल्या दोन दिवसांत इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघून मी कळवीन, वारा वाईट असेल तर दिवस पुढे ढकलू. जिवंत कोळंबी मला आदल्या संध्याकाळी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून धरावी लागते, तेव्हा नक्की किती जण ते गुरुवारपर्यंत व्यक्तिगत निरोपात सांगा.