म्हाताऱ्या लॅब्राडॉरच्या मांड्या उतरल्या, सप्लिमेंट द्यावं का?

मोतीची आई, धरमपेठ, नागपूर:
मोती 11 वर्षांचा, वजन 31 किलो. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला तेव्हा त्याचं फिरणं सुटलं. आता फुटाळा तलावाकडे जाताना मागचे पाय थरथरतात, बघवत नाही. दुकानातून ग्लुकोसामाइन आणलंय. मुलाची प्रोटीन पावडर थोडी चालेल का?

राणीचा बाबा:
पावडर अजिबात नको जी! काहींत झायलिटॉल असतं, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळू शकते, यकृतही जाऊ शकतं. ग्लुकोसामाइन सांध्यांसाठी देतात, स्नायू वाढवायला नाही. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन द्या, पण आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून किडनीचं कळतं. किडनी कमजोर असेल तर प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या राणीला संधिवात निघाला होता. दुखतं म्हणून चालत नव्हती, चालत नाही म्हणून मांड्या उतरल्या. दुखणं थांबवल्यावरच फरक पडला. माशाचं तेल डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलं. पहाटे साडेपाचला दहा-दहा मिनिटं सपाटीवर चालवायचो. बसवून उठवायचो, पाचदा.

सदरवाला:
सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. माशाचं तेल म्हणून कॉडलिव्हर ऑइल नका देऊ, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

मोतीची आई:
पावडर कपाटात वर ठेवली. उद्याच रक्त तपासायला नेते.