मदत हवी आहे: लग्नाआधीचं टोकाचं डाएट, पोटॅशियम कमी, त्यात केळवणं

मंडळी, धाकट्या बहिणीचं मार्गशीर्षात लग्न आहे. श्रावणापासून एका ऑनलाइन कोचचं डाएट चालू आहे. सकाळ-संध्याकाळ पाण्यातला शेक, दुपारी वाटीभर मुगाचं कढण. दिवसाला जेमतेम ५०० कॅलरी. वजन भराभर उतरलं, ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. घरात आधी कौतुकच झालं.

आता उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री पोटऱ्यांत गोळे, पाळी चुकलेली. केसांचं तर विचारूच नका, बाथरूमची जाळी रोज तुंबते. कोच म्हणतो, "बॉडी डिटॉक्स होतेय." फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.१ (किमान ३.५ हवं). त्यांनी औषध दिलं, शेक बंद करायला सांगितला, फिजिशियनसाठी चिठ्ठी दिली. बाईसाहेब औषध घेतात, शेक काही सोडत नाहीत.

वर आम्हालाच ऐकवते, "आजी चातुर्मासभर उपवास करायची, तिला काय झालं?" अगं, आजी एकादशीला बशीभर साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याचा लाडू खायची. तुझा अख्खा दिवस त्या बशीत बसेल!

८०० कॅलरींखालचं डाएट डॉक्टरही देतात म्हणे, पण निवडक रुग्णांना आणि स्वतःच्या देखरेखीखाली. १९७७-७८च्या सुमारास अमेरिकेत लिक्विड प्रोटीनवर वजन उतरवणारी सुमारे ६० माणसं दगावली. हृदयाचे ठोके बिघडून गेलेल्या तरुण बायकाही त्यांत होत्या. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

त्यात केळवणं सुरू झालीत. मावशीकडे आग्रहाखातर दोन पुरणपोळ्या तुपासकट खाल्ल्या आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ, थेट खांद्यापर्यंत. झपाट्याने वजन घटलं की पित्ताशयात खडे होतात, तेच असेल का? शिवाय बरेच दिवस उपाशी राहून एकदम गोडधोड खाल्लं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणखी घसरतं, तेही जिवावर बेतू शकतं.

फिजिशियनची वेळ उद्याची आहे. ईसीजी, सोनोग्राफी, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांशिवाय काय विचारून घेऊ? कुणाच्या घरी असं झालं असेल तर जेवण कसं वाढवत नेलं? आणि शेक कसा सोडवला? रागावून झालंय, रडूनही झालंय.

रविवारी काकूकडे जिलबी-मठ्ठ्याचा बेत आहे. काकूला खरं कारण सांगून टाकू का?