२ विरुद्ध १ मध्ये पोरं पास देईनात, डिफेंडर पाय टाकून आडवे होतात

पेठेतला मास्तर
कोल्हापुरात गांधी मैदानाच्या एका कोपऱ्यात १४ पोरांचा फुटबॉलचा सराव घेतो, वयं १० ते ११. तीन आठवडे २ विरुद्ध १ चाललंय, म्हणजे बॉल घेऊन जाणारे दोघं आणि अडवणारा एक डिफेंडर. १५ बाय १० मीटरचा चौकोन, टोकाला दोन कोन ठेवून गोल. बॉल ज्याच्याकडे तो मान खाली घालून सुटतो. जोडीदार बाजूला मोकळा उभा राहून हाका मारतोय, याला ऐकूच जात नाही. परवा एका पोरानं लागोपाठ सहा वेळा बॉल घालवला आणि रडायला लागला. रात्री झोप नाही लागली मला. डिफेंडर तर बॉल दिसला की पाय टाकतोच. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅच बघून येतात, सगळ्यांना ड्रिबल मारायचाय, म्हणजे बॉल पायाशी ठेवून समोरच्याला चकवायचंय. ती हौस मारायची नाही, पण शिकवू कसं?

उजवा बॅक
सर, मी पुण्यात १२ वर्षांखालच्यांना शिकवतो. आधी 'पास दे, पास दे' ओरडणं थांबवा. पास कधी द्यायचा ते डिफेंडरकडे बघून पोराला कळलं पाहिजे. बॉलवाल्यानं सरळ डिफेंडरच्या अंगावर जायचं. तो पुढं आला की जोडीदाराला पास, तो जोडीदाराकडे झुकला की स्वतः घुसायचं. म्हणजे ड्रिबलची हौसही राहते. बहुतेक पोरं फार लवकर पास देतात, तेव्हा डिफेंडर आरामात तिकडे सरकतो. नाहीतर इतका उशीर करतात की बॉल त्याच्या पायावर आपटतो. दोन-तीन पावलं अंतर असताना पास सुटला पाहिजे, तोही जोडीदाराच्या पुढच्या जागेत. पायात दिला तर तो थांबतो आणि डिफेंडर परत येतो. जोडीदारानं डिफेंडरच्या पाठीमागं लपायचं नाही, रुंद राहायचं.

मागची फळी
डिफेंडरबद्दल मी सांगतो, आयुष्यभर तिथंच खेळलोय. त्याला बॉल काढायला सांगू नका, उशीर करायला सांगा. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, अंग तिरकं, मधे हातभर अंतर. छाती समोर करून उभा राहिला की बॉल दोन पायांमधून जातो. आणि दोघांच्या मधल्या वाटेत उभं राहून पास अडवायचा. मी ८ सेकंद मोठ्यानं मोजतो. तेवढ्यात गोल नाही झाला तर गुण डिफेंडरचा. मग पाय टाकायची घाई आपोआप जाते. बॉल समोरच्याच्या पायापासून लांब सुटला, तेवढ्यातच पाय टाकायचा.

एक विचारू? १४ जण एकाच चौकोनात रांग लावतात का?

पेठेतला मास्तर
हो, रांगच लावतो. एकाची पाळी यायला चार मिनिटं जातात.

मागची फळी
मग पोरगं पाळी आली की सगळं एकदाच करून बघणार! चार चौकोन आखा. दोनांत २ विरुद्ध १, दोनांत २ विरुद्ध २, बरोबर १४ होतात. ४५ सेकंद खेळ, मग जागा बदल.

पेठेतला मास्तर
काल केलं. ते रडणारं पोरगं डिफेंडरच्या अंगावर गेलं, थांबलं, डिफेंडरनं पाऊल पुढं टाकलं आणि यानं बाहेरच्या पायानं बॉल सरकवला. जोडीदारानं गोल केला, पण हा पळत माझ्याकडे आला, 'सर, बघितलंसा का?' म्हणून. उद्या ३ विरुद्ध ३ लावतो, दोन्ही टोकांना दोन-दोन गोल ठेवून.